रिमोट खाली ठेवता यावा म्हणून: घरच्या सराउंड साउंडची मांडणी आणि कॅलिब्रेशन

एखाद्या घरातलं होम थिएटर नीट लावलेलं आहे की नाही, हे मी स्पीकर बघून ठरवत नाही. सिनेमा सुरू असताना रिमोट कुठे आहे ते बघतो. संवाद आले की आवाज वाढवायचा, गोळीबार सुरू झाला की घाईघाईने कमी करायचा, कुजबुज आली की परत वाढवायचा, असा खेळ चालला असेल तर सिस्टम कितीही भारी असो, ती नुसती जोडलेली आहे. लावलेली नाही.

मी डबिंग स्टुडिओत काम करतो. माणसांचे आवाज पार्श्वसंगीतात बुडू द्यायचे नाहीत, हीच दिवसभराची नोकरी. त्यामुळे नवा रिसीव्हर (सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो मुख्य खोका) घेतला की मित्र-नातेवाईक मला बोलावतात, आणि मी गेलो की आधी सोफा हलवायला सांगतो. तोंडं वाकडी होतात, पण क्रम हाच आहे. आधी बसायची जागा, मग स्पीकरच्या जागा, मग वायरी, मग रिसीव्हरची सेटिंग्ज, आणि खोलीतला आवाज मोजणारा माइक सगळ्यात शेवटी. बहुतेक जण खोका उघडून थेट माइकच लावतात. आजकालचं ऑटो कॅलिब्रेशन (माइकच्या मापावरून रिसीव्हरने स्वतःच केलेली जुळवणी) खरोखर चांगलं असतं, पण कपाटाच्या कप्प्यात कोंबलेला सेंटर स्पीकर ते बाहेर काढून ठेवू शकत नाही.

इथे ५.१ डोळ्यांसमोर ठेवून सांगतो: समोर डावा, उजवा आणि मधला सेंटर, बाजूला दोन सराउंड आणि खालच्या सुरांसाठी, म्हणजे बाससाठी, एक सबवूफर. हाताशी मोजपट्टी, सुतळी, रंगकामाची चिकटपट्टी, टॉर्च आणि एक छोटा आरसा ठेवा. एक मदतनीसही लागेल, शक्यतो कंटाळणारा नको.

सोफ्यापासून सुरुवात

बंद खोलीत खालचे सूर दोन भिंतींमध्ये मागेपुढे आपटत एका जागी उभे राहतात. टबातलं पाणी हिंदकळलं की काठाशी वरखाली होतं आणि मधोमध जवळजवळ हलत नाही, तसंच. कोणता सूर असा अडकणार हे आधीच काढता येतं. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. माझी खोली ४.८ मीटर लांब आहे, म्हणजे उत्तर ३६ हर्ट्झच्या आसपास. हा सूर पुढच्या-मागच्या भिंतींशी सर्वांत जोरात, आणि बरोबर मध्यावर जवळपास गायब. रुंदी ३.४ मीटर, तिचा सूर ५० हर्ट्झ. उंचीचा आणखी वेगळा.

यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. लांबीच्या बरोबर मध्यावर बसलात तर स्फोटाला वजनच राहत नाही. मागच्या भिंतीला डोकं टेकवून बसलात तर प्रत्येक पुरुषी आवाज घुमतो आणि शब्द गढूळ होतात. मी सुरुवात मागच्या भिंतीपासून कानापर्यंत लांबीच्या ३८ टक्के अंतर ठेवून करतो. माझ्या खोलीत ते १.८ मीटर येतं. हा काही नियम नाही, सुरुवातीचा ठिपका आहे. तिथून पाऊण हात पुढे-मागे करून ऐकायचं. रुंदीत मात्र मधोमधच बसावं लागतं, नाहीतर डाव्या-उजव्याचा तोल जातो. तेवढी तडजोड करायची.

आणि सोफा भिंतीलाच लागतो, दुसरी जागाच नाही, असं असेल तर? निदान ३०-४० सेंटिमीटर पुढे ओढा आणि डोक्यामागच्या भिंतीवर जाड, आवाज शोषणारं काहीतरी लावा. भिंतीलगत बास फुगतो, आणि फुगलेला बास इक्वलायझरने खाली आणता येतो. उलट मध्यावर तो रद्दच झालेला असतो. तिथे कितीही ताकद ओतली तरी खड्डा भरत नाही, ॲम्प्लिफायर मात्र दमतो.

पुढचे तीन, बाजूचे दोन

समोरचे डावा-उजवा मांडायला कोनमापक लागत नाही. कानाच्या जागी खुर्चीवर सुतळीचं एक टोक धरा आणि दोन्ही स्पीकरपर्यंत सारखी लांबी मोजा. दोन स्पीकरमधलं अंतरही तेवढंच आलं की समभुज त्रिकोण झाला, आणि प्रत्येक स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर बसला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीएस.७७५ या शिफारशीत हाच ३० अंशांचा आकडा आहे. डॉल्बीच्या आकृत्यांमध्ये २२ ते ३० अंशांची मोकळीक मिळते. पडदा लहान असेल तर मी आतल्या बाजूला येतो. चाळीस इंची टीव्हीवरचा माणूस डाव्या कडेला बोलतोय आणि आवाज खिडकीतून येतोय, असं होऊ नये.

ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा. बहुतेक सोफ्यांवर ती जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटर भरते. स्वतः बसून मोजा.

सेंटरवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, कारण संवादांचा मोठा भाग तिथूनच येतो. तो कप्प्यात असेल तर पुढच्या कडेपर्यंत ओढा, इतका की स्पीकरचं तोंड फळीच्या कडेशी बरोबर येईल. आत ढकललेल्या स्पीकरचा आवाज कप्प्याच्या वरच्या-खालच्या फळ्यांवर आपटतो आणि डब्यातून बोलल्यासारखा होतो. टीव्हीच्या खाली, गुडघ्याच्या उंचीला असेल तर पुढच्या बाजूला रबरी गुटक्या सरकवून तोंड वर करा. कानाच्या जागी मदतनीसाला बसवा, स्पीकरवर टॉर्च ठेवा, उजेड हनुवटीवर पडला की अजून थोडा उचला. टीव्हीसमोर साउंडबार, फोटोफ्रेम, शोभेची फुलदाणी असलं काही उभं असेल तर त्याची रवानगी दुसरीकडे.

सराउंड स्पीकरचा कोन १०० ते १२० अंश, म्हणजे कानाच्या बाजूच्या रेषेपेक्षा जरा मागे. ११० अंशांसाठी हिशेब सोपा आहे: खुर्चीपासून दीड मीटर बाजूला असाल तर साधारण अर्धा मीटर मागे जा. उंची कानापेक्षा थोडी वर चालते, समोरच्या माणसाचं डोकं आड येणार नाही इतकी. छताच्या कोपऱ्यात, जळमटांच्या शेजारी लावलेले सराउंड मी पुष्कळ पाहिले आहेत. तिथून पाऊस पडल्यासारखा वाटतो खरा, पण सगळंच आभाळातून येतं, चालत जाणाऱ्या माणसाची पावलंसुद्धा. ॲटमॉसचे (डॉल्बीची वरूनही आवाज देणारी पद्धत) छताचे स्पीकर लावायचा विचार असेल तर सराउंड कानाच्या पातळीलाच ठेवा. वरचा आणि खालचा यांत अंतर राहिलं तरच वरच्याला अर्थ आहे. मागे जागा नसेल तर ७.१ चा, म्हणजे मागे आणखी दोन स्पीकरचा, हट्टही सोडा. नीट बसलेले पाच स्पीकर गर्दीतल्या सातांपेक्षा बरे.

आता आरसा. खुर्चीवर बसा आणि मदतनीसाला बाजूच्या भिंतीवर आरसा सपाट धरून पुढे-मागे सरकवायला सांगा. आरशात ज्या ठिकाणी समोरचा स्पीकर दिसेल, त्याच ठिकाणी त्याचा आवाज भिंतीवर आपटून तुमच्याकडे येतो. दोन्ही बाजूंना तिथे जाड पडदा, पुस्तकांची मांडणी किंवा शोषक पॅनल आलं की शब्दांना धार येते. जमिनीसाठी स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये एक जाड गालिचा. टाळी वाजवून बघा: मागे झिणझिण्यासारखा आवाज रेंगाळत असेल तर खोली अजून उघडीबोडकी आहे.

सबवूफर सोफ्यावर बसवा

बासच्या बाबतीत आवाज करणारा आणि ऐकणारा यांनी जागांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो. याच गोष्टीचा फायदा घ्यायचा. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागी ठेवा, सोफ्यावरच. त्यातून २० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर किंवा एकेक पायरी चढत जाणारी बास गिटार लावा. मग ज्या-ज्या ठिकाणी सब ठेवणं शक्य आहे, तिथे जमिनीलगत कान नेऊन ऐका. होय, रांगावं लागतं. घरच्यांनी हसायचं ते हसून घ्यावं.

जिथे सर्वांत जोरात वाजतं ती जागा निवडायची नाही. कोपऱ्यात जोर मिळतोच, कारण तिथे खोलीतले सगळे अडकणारे सूर एकदम जागे होतात. आपल्याला अशी जागा हवी की जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येईल; एक अंगावर येतोय आणि पुढचा गायब, असं नको. ती सापडली की चिकटपट्टीने खूण करा आणि सब तिथे आणा. अनेकदा ती जागा पुढच्या भिंतीच्या मध्याजवळ किंवा बाजूच्या भिंतीला कुठेतरी निघते.

सोफ्यावर तीन-चार जण बसत असतील तर एका सबने सगळ्यांचं समाधान होणं कठीण. हार्मन कंपनीत टॉड वेल्टी यांनी सबवूफर किती आणि कुठे यावर सविस्तर काम केलं. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक सब ठेवला तर एका खुर्चीपासून दुसऱ्या खुर्चीपर्यंतचा फरक पुष्कळ कमी होतो, हे त्यातून पुढे आलं. म्हणून एक मोठा सब घ्यायचा की मध्यम आकाराचे दोन, असं कुणी विचारलं की माझं उत्तर दोन.

सबच्या पाठीमागची बटणं आत्ताच लावून टाका. क्रॉसओव्हरचं (कोणत्या सुराखालचं काम सबकडे जाणार ते ठरवणारं) बटण पूर्ण वर किंवा एलएफई (सिनेमातला खास बासचा चॅनल) वर, कारण ते काम रिसीव्हर करणार आहे आणि दोघांनी एकच काम केलं की बासला मध्ये भगदाड पडतं. फेज (सबचा आवाज बाकीच्यांशी वेळेत जुळवणारं बटण) ० वर. गेन, म्हणजे सबचा जोर, मध्यावर. ऑटो स्टँडबाय बंद करून सरळ चालू ठेवा, नाहीतर मोजणी सुरू होते तेव्हा महाशय झोपलेले असतात.

वायरी

इथे फार वेळ घालवायला नको. रिसीव्हर बंद, प्लग काढलेला. ८ ओहमच्या स्पीकरला १० मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते; ४ ओहम असेल किंवा लांबी जास्त असेल तर अडीचची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त असते, पण तिचा रोध जास्त, म्हणून ती टाळतो. त्यापलीकडे चांदीच्या, साप जाड व्हावा तशा जाड केबल्सचं जे कौतुक चालतं, त्याचा पैसा मी गालिच्यावर घालवेन.

टोकाचा एकही सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये. लाल लालला, काळा काळ्याला, दोन्ही टोकांना. एखादा स्पीकर उलटा जोडला गेला तर तो शेजाऱ्याचा बास खातो आणि संवाद कुठून येतात ते कळेनासं होतं. वायरीवर खूण नसेल तर दीड व्होल्टचा सेल टोकांना क्षणभर टेकवा. सेलचा धन ध्रुव ज्या वायरीला लागल्यावर वूफरचा पडदा बाहेर येतो, ती वायर लाल टर्मिनलची. स्पीकरच्या वायरी विजेच्या वायरींबरोबर एकाच पट्टीत नेऊ नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा.

टीव्ही खरोखर काय पाठवतो?

माझ्या मते सर्वांत जास्त सिस्टम इथेच वाया जातात. टीव्हीच्या ध्वनी मेनूत डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ (आधीच उलगडलेला साधा आवाज) वर असेल तर साध्या आर्कवरून (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतून रिसीव्हरकडे परत नेणारी सोय) रिसीव्हरला दोनच चॅनल मिळतात. मग सराउंडमधून जे काही येतं ते रिसीव्हरने अंदाजाने बनवलेलं असतं. ते ‘पास-थ्रू’ किंवा ‘ऑटो’ वर न्या. टीव्हीत आणि रिसीव्हरमध्ये दोन्हीकडे ईआर्क (आर्कची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती) असेल तर दोन्हीकडे चालू करा. साध्या आर्कवरून डॉल्बी डिजिटल प्लस जातं आणि स्ट्रीमिंग ॲपमधला ॲटमॉस त्यातच असतो, तेव्हा तेवढ्यासाठी ईआर्क नसल्याचं दुःख नको. ब्लू-रे डिस्कवरचे ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे मोठे ध्वनीप्रकार मात्र आर्कच्या आवाक्याबाहेर. प्लेअर थेट रिसीव्हरला जोडा किंवा ईआर्क वापरा.

तपासायचं कसं? सिनेमा लावा आणि रिसीव्हरचं माहितीचं बटण दाबा. येणारा सिग्नल काय आहे ते तिथे लिहून येतं. तिथे २.० दिसत असेल तर पुढचं काही करू नका. आधी हे दुरुस्त करा. ‘ऑल चॅनल स्टिरिओ’ नावाचा मोड चालू असेल तर तोही बंद. प्रत्येक स्पीकरमधून तेच वाजवणं म्हणजे सराउंड नव्हे.

माइक

पंखा, एसी, फ्रिज, शक्य ते सगळं बंद. खिडक्या लावा. फोन सायलेंट. माइक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला, तोंड छताकडे. उशीवर, सोफ्याच्या पाठीवर किंवा हातात धरून मोजलेलं माप कामाचं नसतं. सोफ्याची पाठ उंच असेल तर माइक तिच्यापासून निदान वीतभर पुढे ठेवा, नाहीतर पाठीवरून आपटून आलेला आवाज मापात शिरतो.

पहिलं माप बरोबर मुख्य खुर्चीवर, डोकं जिथे असतं तिथे. ऑडिसीसारख्या ऑटो कॅलिब्रेशन प्रणाली अंतर आणि पातळी याच मापावरून ठरवतात, म्हणून इथे घाई नको. पुढची मापं सोफ्याच्या दोन टोकांना नेऊन भिंतीशी घेण्याचा मोह होतो. मी ती मुख्य जागेभोवती हात-दीड हाताच्या घेऱ्यात घेतो: डावीकडे, उजवीकडे, पुढे, थोडं वर. खोलीच्या टोकाची मापं मिसळली की सगळ्यांसाठी थोडं-थोडं आणि कुणासाठीच नीट नाही, असं होतं. मोजणी चालू असताना खोलीबाहेर जा, किंवा माइक आणि स्पीकर यांच्या मध्ये न येता गप्प बसून राहा.

पोलॅरिटी (लाल-काळ्याची दिशा) उलटी असल्याचा इशारा आला तर वायर तपासा. वायर बरोबर असेल तर इशारा सोडून द्या. काही स्पीकरच्या आतल्या रचनेमुळे तो खोटाही येतो.

ऑडिसी, यामाहाचं वायपाओ, डिराक लाइव्ह, यांच्या पडद्यांवरचे शब्द वेगळे, पण पायऱ्या बऱ्याचशा याच. डिराकमध्ये आणि ऑडिसीच्या ॲपमध्ये दुरुस्ती किती फ्रिक्वेन्सीपर्यंत करायची हे ठरवता येतं. घरच्या खोल्यांमध्ये साधारण २००-३०० हर्ट्झच्या खाली खोलीचं राज्य असतं आणि वर स्पीकरचं. स्पीकर मुळात चांगला असेल तर मी दुरुस्ती ४००-५०० हर्ट्झवर थांबवतो आणि वरचं त्याच्या स्वभावावर सोडतो.

निकाल वाचल्याशिवाय उठू नका

मोजणी संपली की लोक सिनेमा लावतात. त्याआधी मेनूत जाऊन तिने काय ठरवलं ते वाचा.

अंतरं बघा. पाच स्पीकरची अंतरं टेपने मोजलेल्या अंतराच्या जवळ असायला हवीत. एखादं मीटरभर चुकलं असेल तर त्या स्पीकरचा आवाज कुठूनतरी आपटून माइकला पोचला आहे, परत मोजा. सबचं अंतर मात्र खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं तर हात लावू नका. मेनूत ‘अंतर’ लिहिलं असलं तरी रिसीव्हर खरं तर वेळ जुळवत असतो, दर मीटरला २.९ मिलिसेकंद. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आवाज जरा रेंगाळतो, आणि तो उशीर अंतराच्या रूपात मोजला जातो. तीन मीटरवरचा सब साडेचार मीटर दिसणं अगदी बरोबर आहे.

पातळ्या बघा. सबची पातळी −१२ वर जाऊन टेकली असेल तर रिसीव्हरला तो आणखी खाली न्यायचा होता, पण पट्टी संपली. सबवरचा गेन कमी करून पुन्हा मोजा. पाच स्पीकरपैकी डावा आणि उजवा यांत २ डेसिबलपेक्षा जास्त फरक असेल तर मी मांडणी परत बघतो.

मग स्पीकरचे आकार. उंच, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर असले की रिसीव्हर हमखास त्यांना ‘लार्ज’ ठरवतो आणि मालक खूश होतो. ते ‘स्मॉल’ करा. यात स्पीकरचा अपमान नाही. ‘स्मॉल’ याचा अर्थ इतकाच की खालचे सूर सबकडे पाठवा. सबची जागा आपण रांगत शोधली आहे. पुढच्या स्पीकरची जागा कोनासाठी निवडली होती, बाससाठी नाही. शिवाय रिसीव्हरच्या ॲम्प्लिफायरवरचा सर्वांत जड भार उतरतो आणि संवाद मोकळे होतात.

क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा. सिनेमाच्या आवाजाचे दर्जे ठरवणाऱ्या टीएचएक्सने हाच आकडा प्रमाण मानला, आणि त्याला कारण आहे: त्याच्या खालचा सूर कुठून येतोय हे कानाला सहजी कळत नाही. लहान सॅटेलाइट स्पीकरना १०० किंवा १२० लागेल. रिसीव्हरने सुचवलेल्या आकड्यापेक्षा वर जायला हरकत नाही. खाली जाऊ नका, कारण तिथे स्पीकरचा दम संपलेला आहे हे त्याने मोजलेलं असतं. १२० च्या बरंच वर गेलात तर नायकाचा आवाज कोपऱ्यातून यायला लागेल.

‘एलएफईचा लो-पास’ हे वेगळं सेटिंग. तो ५.१ मधल्या ‘.१’ चॅनलसाठी आहे, त्यात १२० हर्ट्झपर्यंतचा मजकूर असतो, म्हणून १२० वरच राहू द्या. ‘एलएफई + मेन’ किंवा ‘डबल बास’ बंद. एकच सूर दोन ठिकाणांहून निघाला की कुठे फुगतो, कुठे मरतो.

जमलं तर एक जास्तीची पायरी करा. ८० हर्ट्झचा अखंड सूर सब आणि पुढचा डावा-उजवा यांतून एकत्र वाजवा, खुर्चीवर ध्वनिमापक धरा आणि सबचं अंतर थोडं-थोडं बदला. काटा जिथे सर्वांत वर जाईल तिथे दोघे हातात हात घालून चालतायत. फरक अनेकदा कानालाही सहज कळतो: ढोलाच्या थापेला आकार येतो.

ऑटो कॅलिब्रेशन नसलेल्या रिसीव्हरवर हेच हाताने होतं. टेस्ट टोन लावा, ध्वनिमापक ‘सी’ वेटिंग (खालचे सूरही धरणारं माप) आणि ‘स्लो’ वर ठेवा, आणि प्रत्येक स्पीकर खुर्चीवर ७५ डेसिबल दाखवेपर्यंत त्याची पातळी बदला. फोनवरचं ॲप पाच स्पीकरची आपसात तुलना करायला चालतं. सबसाठी त्याच्यावर विसंबू नका. फोनचे माइक खालचे सूर नीट पकडतीलच असं नाही.

आता कान

सिनेमाचा आवाज मिसळताना प्रत्येक मुख्य चॅनलची कमाल १०५ डेसिबलपर्यंत आणि एलएफईची ११५ पर्यंत जाईल अशी सोय असते. कॅलिब्रेट केलेल्या रिसीव्हरवर आवाजाचा आकडा ० म्हणजे ती पातळी. घरात ती बहुतेकांना सोसत नाही. मी −१५ च्या आसपास ऐकतो, रात्री −२५. पण आवाज कमी केला की खालचे सूर कानाला प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात; फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. ऑडिसीचं डायनॅमिक ईक्यू, म्हणजे आवाज कमी असताना खालचे सूर भरून काढणारं सेटिंग, तेवढ्यासाठीच आहे, ते चालू ठेवा. ते सराउंडही थोडे वर उचलतं. संगीत किंवा बातम्या बघताना मागून जास्त येतंय असं वाटलं तर त्याचा रेफरन्स ऑफसेट १० किंवा १५ करा.

ऐकताना तुमच्या पाठ असलेला, शांत संवादांचा एखादा प्रसंग निवडा. स्फोटाच्या दृश्यांवर सगळ्याच सिस्टम छान वाटतात. दोन माणसं बंद खोलीत बोलतायत, बाहेर पाऊस आहे: अक्षर न् अक्षर कळतंय का, पाऊस दोन खोक्यांतून न येता आजूबाजूला पसरलाय का, पुरुषाच्या आवाजाला छातीचा घुमारा जास्त होतोय का, हे बघा. नंतर स्टिरिओमध्ये एखादं गाणं लावा. गायक बरोबर मधोमध, हवेत उभा राहिला पाहिजे. सरकलेला असेल तर डाव्या-उजव्याचं अंतर किंवा तोंडाची दिशा चुकली आहे. सराउंड स्पीकर वाजतायत हे सतत जाणवत असेल तर ते जोरात आहेत.

संवाद अजूनही दबलेले वाटत असतील तर सेंटर एक-दोन डेसिबल वर घ्या. माझ्या बाबांना एका कानाने कमी ऐकू येतं. त्यांच्यासाठी जपून ठेवलेल्या सेटिंग्जमध्ये सेंटर ३ डेसिबल वर आहे आणि डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन (मोठे आणि हळू आवाज जवळ आणणारी सोय) चालू आहे. मापाच्या हिशेबात हे चूक. आमच्या घरात हेच बरोबर, आणि संध्याकाळी कुणी बदललं तर लगेच विचारणा होते. हेच कॉम्प्रेशन तुमच्या रिसीव्हरमध्ये ‘ऑटो’ वर पडून असेल तर दिवसा बंद करा, मुलं झोपल्यावर चालू करा.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर ऑडिओ डिलेने जुळवा. टीव्हीला चित्र तयार करायला वेळ लागतो, म्हणून बहुधा आवाजच थोडा थांबवावा लागतो. टीव्हीचा चित्र सुधारण्याचा मोड बदलला की हा आकडाही बदलतो.

शेवटी सगळ्या सेटिंग्जचे फोटो काढा: अंतरं, पातळ्या, क्रॉसओव्हर, सबवरच्या बटणांसकट. सॉफ्टवेअर अपडेटनंतर हे आकडे उडाले तर उपयोगी पडतात. सोफा, गालिचा, सब किंवा मोठं कपाट हललं की माइक पुन्हा काढा. नुसता टीव्ही बदलला तर पुन्हा मोजायची गरज नाही. डिजिटल आउटपुट आणि ऑडिओ डिले तेवढे तपासा.